संख्याशास्त्रात पीएचडी: गाइड ठरवण्याआधी त्यांचं काम कसं वाचायचं

एम.एस्सी.चा निकाल लागला त्या उन्हाळ्यात मी एका विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून संख्याशास्त्र विभागातल्या सगळ्या प्राध्यापकांची यादी वहीत उतरवून घेतली. नाव, पद आणि पुढे 'संशोधनाचे विषय' असा रकाना. एका सरांपुढे 'बेजियन इन्फरन्स' (आधीचा अंदाज आणि नवी आकडेवारी जोडून निष्कर्ष काढण्याची पद्धत) लिहिलं होतं. माझा प्रोजेक्ट त्यातलाच, म्हणून चार तास एसटीने जाऊन मी त्यांच्या केबिनबाहेर बसले. सरांनी चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, त्यात मी शेवटचं काम केलं त्याला बारा वर्षं झाली. आता मी रिलायबिलिटीत आहे. आणि माझ्याकडे जागाही नाही." रकान्यातली ती ओळ इतक्या वर्षांत कुणी बदललीच नव्हती. दुसरा गाइड शोधेपर्यंत त्या वर्षीच्या प्रवेशाची मुदत टळून गेली.

ज्यांना ते वर्ष वाचवायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रकान्यावर विसंबू नका, माणसाच्या कामाचा माग काढा. तो कसा काढायचा ते क्रमाने सांगते.

१. आधी शब्दांमागचं रोजचं काम ओळखा

'इन्फरन्स', 'सॅम्पलिंग', 'डिझाइन' हे शब्द एम.एस्सी.त पेपरांची नावं म्हणून भेटतात. पीएचडीत त्यांचा अर्थ 'पुढची चार-पाच वर्षं तुम्ही टेबलाशी बसून काय करणार' असा होतो. हा फरक फार मोठा आहे.

इन्फरन्सवाल्यांचा, म्हणजे नमुन्यावरून निष्कर्ष काढण्याचं गणित मांडणाऱ्यांचा, दिवस कागद, पेन्सिल आणि फळ्यावर जातो. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे गेले आणि १९४९ मध्ये पीएचडी घेऊन आले. लाइकलीहूडच्या (कोणती किंमत खरी मानली तर हाती आलेली आकडेवारी किती संभाव्य, याच्या) समीकरणाला अनेक उत्तरं असू शकतात, मग नमुना मोठा होत जाताना खऱ्या किमतीकडे जाणारं उत्तर एकच असतं का, हा त्यांचा १९४८ सालच्या पेपरमधला प्रश्न. आकडेवारीचं एकही कोष्टक न मांडता असा प्रश्न वर्षभर डोक्यात घोळवता येईल का, हे स्वतःला विचारा. पुढे त्यांनीच पुणे विद्यापीठात या विषयाची घडी बसवली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या विभागांत सैद्धांतिक कामाकडे कल का दिसतो, याचा थोडा उलगडा होतो.

सॅम्पलिंगचा, म्हणजे नमुना निवडण्याच्या कामाचा, बाज निराळा. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे विद्यापीठात नव्हे, तर भारतीय कृषी संशोधन परिषदेत आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते, पण त्यांचं उदाहरण इथे चपखल बसतं. पिकाचा उतारा काढायला शेतात लहान तुकडा आखून कापणी केली, तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. कारण अगदी साधं आहे. तुकडा जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्रफळाच्या मानाने मोठी, आणि कडेवरची रोपं कापणाऱ्याच्या हातून आत धरली जातात. ज्याला सूत्राबरोबर कापणाऱ्याचा हातही दिसतो, त्याने या वाटेला जावं.

डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स (प्रयोगांची आखणी) म्हणजे वरून शेतीचे प्रयोग आणि आतून शुद्ध बीजगणित. मराठी घरातले, मध्य प्रदेशातल्या सागरला जन्मलेले शरदचंद्र श्रीखंडे नॉर्थ कॅरोलायनात राज चंद्र बोस यांच्याकडे १९५० मध्ये पीएचडी झाले. लॅटिन चौकोनात प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत आणि स्तंभात एकदाच येतं; दोन चौकोन एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली तर ते परस्पर लंब. ४ ने भागून २ बाकी उरणाऱ्या क्रमाच्या, म्हणजे ६, १०, १४ अशा लॅटिन चौकोनांच्या परस्पर लंब जोड्या असूच शकत नाहीत, असं ऑयलरने १७८२ मध्ये म्हटलं होतं. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी दाखवलं की ६ सोडला तर ते खोटं आहे. श्रीखंडे नंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले. आता बघा, नुसत्या 'संख्याशास्त्र विभागा'च्या याद्या चाळणाऱ्याला हे नाव सापडलंच नसतं. आजही आयआयटी मुंबईत संख्याशास्त्राची मंडळी गणित विभागातच बसतात, आणि लोकसंख्येच्या आकडेवारीत रस असेल तर मुंबईतली लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे आयआयपीएस, पाहावी लागते. पाटीवर जाऊ नका.

बाकीचं थोडक्यात. सर्व्हायव्हल आणि रिलायबिलिटी हे एकाच झाडाचे दोन फाटे: एकात रुग्ण किती काळ जगतो, दुसऱ्यात बेअरिंग किती काळ टिकतं. दोन्हीत अर्धवट राहिलेल्या निरीक्षणांशीच झगडा. स्टोकॅस्टिक प्रोसेसला (काळाबरोबर यादृच्छिकपणे बदलणाऱ्या गोष्टींच्या अभ्यासाला) मेजर थिअरी, म्हणजे संभाव्यतेचा गणिती पाया, पक्की लागते, ती कच्ची असेल तर पहिलं वर्ष तिथेच जाईल. संख्याशास्त्र आणि परिसरशास्त्र यांच्या सांध्यावरही काम होतं. पुण्याचे अनिल गोरे आणि शरयू परांजपे यांचं त्या विषयावरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक २००१ चं आहे, ते चाळलंत तर अंदाज येईल.

सापळा: अलीकडे बऱ्याच रकान्यांत 'मशीन लर्निंग' आणि 'डेटा सायन्स' हे शब्द शेवटी येऊन चिकटले आहेत. त्या नावाचा एक तरी पेपर आहे का, एवढंच पाहा.

२. प्राध्यापकांची कारकीर्द सालवार मांडा

एक कोरा कागद घ्या, आडवी रेघ मारा. डावीकडे त्यांच्या पीएचडीचं साल, उजवीकडे आजचं. मध्ये पेपर, पदं, परदेशातल्या फेऱ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण रकान्यात जे दिसत नाही ते इथे दिसतं.

माणसं विषय बदलतात, आणि चांगली माणसं तर हमखास बदलतात. देबब्रत बसू यांचंच पाहा. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे आयएसआयमध्ये, सी. आर. राव यांचे विद्यार्थी. १९५५ चं त्यांचं प्रमेय आपण सगळ्यांनी एम.एस्सी.त पाठ केलंय. पुढे ते त्याच रूढ, बिगर-बेजियन चौकटीबद्दल साशंक होत गेले आणि बेजियन वाटेकडे वळले. १९७१ च्या निबंधात त्यांनी सर्कशीतल्या ५० हत्तींची गोष्ट घातली आहे. मालकाला हत्तींचं एकूण वजन हवंय. तो म्हणतो, मधल्या आकाराचा सॅम्बो तोलू आणि ५० ने गुणू. सर्कशीचा संख्याशास्त्रज्ञ हादरतो: यादृच्छिक निवड नको का? शेवटी तडजोड होते, सॅम्बोला ९९/१०० संभाव्यता आणि बाकी प्रत्येकाला १/४९००. चिठ्ठीत सॅम्बोच निघतो. पण आता पाठ्यपुस्तकातलं सूत्र सांगतं की वजनाला निवडीच्या संभाव्यतेने भागा, म्हणजे त्याचं वजन १००/९९ ने गुणा, म्हणजे पन्नास हत्ती मिळून जेमतेम एका सॅम्बोएवढे! आणि सगळ्यात थोराड जम्बो निघाला असता तर? त्याच्या वजनाच्या ४९०० पट. त्या गृहस्थाची नोकरी जाते, आणि तो बहुधा संख्याशास्त्राचा मास्तर झाला असावा, असा चिमटाही बसू काढतात. आता १९५५ चा पेपर वाचून कुणी १९७१ मध्ये त्यांच्याकडे त्याच विषयासाठी गेला असता, तर त्याची गत माझ्यासारखीच झाली असती.

रेघेवर तीन गोष्टी मुद्दाम शोधा.

*मोकळ्या जागा.* तीन-चार वर्षं एकही पेपर नाही, तर बहुतेक वेळा ती विभागप्रमुखपदाची किंवा परीक्षा विभागाची वर्षं असतात. त्यावरून माणसाला आळशी ठरवू नका. नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि वरच्यांना १४ तास शिकवावं लागतं. विभागातल्या जागा रिकाम्या असल्या की प्रत्यक्षात जास्तच. मोकळी जागा भूतकाळातली असेल तर सोडून द्या, आत्ताची असेल तर विचारा.

*पद.* यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंटला ४ विद्यार्थी घेता येतात. सगळे प्रोफेसरांकडे धावतात. माझं मत उलटं आहे. पीएचडी होऊन पाच-सात वर्षं झालेल्या असिस्टंट प्रोफेसरकडे विषय ताजा असतो, बढतीसाठी पेपर हवे असतात, आणि तुमचा कोड ते स्वतः चालवून पाहतात. मोठ्या नावाकडे ओळखी असतात, शिफारसपत्राला वजन असतं. पण आठपैकी तुमचा नंबर कितवा, हाही प्रश्न असतोच.

*निवृत्ती.* निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. सव्वातीन वर्षं उरली असतील तर कागदोपत्री चालेल, पण पीएचडीची किमान मुदतच तीन वर्षांची आहे. हिशेब करा.

३. पेपर वाचा, मोजू नका

साधनं फुकट आहेत: गूगल स्कॉलर, अर्काइव्ह (छापण्याआधीचे पेपर) आणि झेडबीमॅथ (गणिताच्या पेपरांची सूची). झेडबीमॅथ २०२१ पासून सर्वांना खुलं आहे. तिथे प्रत्येक पेपरचा विषय-क्रमांक दिसतो, म्हणजे कोणत्या शाखेत किती काम झालंय ते रकान्याशिवाय कळतं.

गूगल स्कॉलरचा सापळा आपल्याकडे जास्तच लागतो. पाटील, जोशी, कुलकर्णी या आडनावांपुढे दोन आद्याक्षरं जुळली की वनस्पतिशास्त्रातले पेपरही संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नावावर येऊन बसतात. विद्यापीठाचं नाव पडताळा.

शेवटच्या पाच वर्षांतले तीन पेपर निवडा. पूर्ण समजायला हवेत असं नाही. गोषवारा, प्रस्तावना आणि शेवटचा भाग वाचा. शेवटी 'पुढे हे करता येईल' असं जे लिहिलेलं असतं, तिथेच बरेचदा पुढच्या विद्यार्थ्याचा विषय दडलेला असतो. मला माझा तिथेच मिळाला.

'पहिलं नाव कुणाचं' यावर फार जाऊ नका. सैद्धांतिक पेपरांत नावं पुष्कळदा आडनावाच्या वर्णक्रमाने येतात. साइटेशनचे आकडेही आंब्याची नारळाशी तुलना करायला लावतात. डॉक्टरांबरोबर काम करणाऱ्याचा एखादा पेपर शेकडो जण उद्धृत करतील, लॅटिन चौकोनवाल्याचा दहा जण.

नियतकालिकांची नावं ओळखीची करून घ्या. १९०१ चं 'बायोमेट्रिका', 'ॲनल्स ऑफ स्टॅटिस्टिक्स', आयएसआयचे संस्थापक महालनोबिस यांनी १९३३ मध्ये सुरू केलेलं आपलं 'संख्या'. या यादीत नाव नाही म्हणून गाइड कमी, असं मुळीच नाही. मात्र पैसे भरले की पंधरा दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांची रांग दिसली तर पाय मागे घ्या, कारण उद्या तुमचाही पेपर तिथेच जाईल. पूर्वी मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी दाखवून निदान वाद घालता यायचा. २०२५ मध्ये ती बंद झाली. आता पारख आपली आपणच करायची.

४. शोधगंगा उघडा, आणि ऋणनिर्देश वाचा

शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत. गाइडच्या नावाने शोधता येतं. गेल्या दहा वर्षांतल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढा. विषय एकमेकांत गुंफलेले आहेत की दर वेळी तोच आराखडा, फक्त वितरण बदललेलं? एकाने वायबुल घेतलं, दुसऱ्याने गॅमा, तिसऱ्याने लॉग-नॉर्मल, हा प्रकार नोकरीपुरती पदवी मिळवायला चालतो. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर तसं स्वतःशी मान्य करा, त्यात लाज नाही.

मग ऋणनिर्देशाचं पान. हसू नका, प्रबंधातलं सगळ्यात खरं पान तेच. 'सरांनी अमूल्य मार्गदर्शन केले' हे सगळेच लिहितात. पण 'मॅडमनी चौथ्या प्रकरणाचे सात मसुदे तपासले' असं कुणी लिहिलं असेल तर ते नाव वहीत लिहा. त्याच पानावर आजी-माजी विद्यार्थ्यांची नावं सापडतात. त्यातल्या दोघांशी बोला. एकजण पूर्ण झालेला, एक अजून चालू असलेला. चालू असलेल्याला फोनवर विचारा, लेखी नको. बिचाऱ्याला अजून व्हायव्हा द्यायची असते.

कंटाळा आला तर मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रोजेक्टवर आपल्या संभाव्य गाइडचं घराणं शोधा. बसूंचे गुरू राव, रावांचे केंब्रिजमधले गुरू फिशर. उपयोग काही नाही, पण गाण्याच्या घराण्यांसारखं वाटतं.

५. परीक्षा आणि कागदपत्रं

गाइड शोधणं आणि पात्रता मिळवणं एकाच वेळी चालू ठेवा. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गणितीय विज्ञान पेपरात चौथं युनिट संख्याशास्त्राचं आहे. आपल्या मुलांनी पहिलं युनिट (विश्लेषण आणि रेषीय बीजगणित) व चौथं पक्कं करावं. 'क' भागात सगळे बरोबर पर्याय ओळखले तरच गुण मिळतात, पण उणे गुण नसतात. तिथे घाबरून कोरं सोडू नका. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, ही रक्कम २०२३ पासूनची. न मिळाल्यास बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गानुसार पाहा. विद्यापीठाची 'पेट' (पीएचडी प्रवेश परीक्षा) आहे की प्रवेश नेटच्या गुणांवर, हे दर वर्षी सूचनेत तपासा. आयएसआय स्वतःची परीक्षा घेते.

फाइलमध्ये हे असू द्या:

- दहावीपासून एम.एस्सी.पर्यंतच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र (एम.एस्सी.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५०)
- नेट, सेट किंवा पेटचा निकाल
- जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, लागू असेल तिथे चालू वर्षाचं नॉन-क्रीमी लेयर
- विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन
- मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- नोकरीत असाल तर ना-हरकत पत्र
- एम.एस्सी. प्रोजेक्टची प्रत आणि दोन-तीन पानांचा संशोधनाचा कच्चा आराखडा

जात वैधता आणि मायग्रेशन सगळ्यात उशिरा हाती येतात. आजच अर्ज करा. आर (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) आणि लेटेक (गणिती मजकूर मांडायचं साधन) येत नसेल तर या रिकाम्या महिन्यांत शिकून घ्या, नंतर सवड मिळत नाही.

मुदतीचंही लक्षात असू द्या: कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आठ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन.

अमेरिकेला जायचं असेल तर हा क्रम उलटा होतो. तिथे प्रवेश विभागाची समिती देते, सुरुवातीची वर्षं अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षेत जातात, गाइड नंतर ठरतो. तरी टप्पा २ आणि ३ तिथेही तसेच उपयोगी पडतात.

६. ईमेल

मी पहिल्यांदा तेरा जणांना एकच मेल पाठवला होता. एकाच वेळी, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असा. उत्तरं शून्य. तुम्ही करू नका.

सहा-सात ओळी पुरतात. कोण, कुठून एम.एस्सी., नेटची स्थिती. त्यांचा कोणता पेपर वाचला आणि त्यात कुठे प्रश्न पडला. जागा आहे का, भेटायला कधी येऊ. उदाहरणार्थ मधली ओळ अशी: 'तुमच्या पेपरमध्ये दोन्ही घटकांचं आयुष्य स्वतंत्र मानलं आहे. ते एकमेकांवर अवलंबून असतील तर दुसरं प्रमेय टिकेल का, हे मला कळलं नाही.' प्रश्न बाळबोध असला तरी चालतो, पण तो त्याच पेपरचा हवा. 'तुमच्या थोर कार्याने प्रभावित होऊन' हे वाक्य असलं की मेल तिथेच मिटतो. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. त्यानंतर विभागात फोन करा, कारण पुष्कळ सर-मॅडम मेल उघडतच नाहीत.

७. भेट

विचारायच्या गोष्टी वहीत लिहून न्या, लाजू नका. सध्या किती विद्यार्थी आहेत? भेट आठवड्याला की महिन्याला? विषय मी सुचवायचा की तुम्ही देणार? विभागात मला तास घ्यावे लागतील का? आधीचा विद्यार्थी मध्येच सोडून गेला असेल तर का, हे मात्र त्यांना नाही, त्या विद्यार्थ्याला विचारा.

दुसऱ्या वर्षी मी एका मॅडमना मेल केला. उत्तर एका ओळीचं होतं, सोबत एक जुना पेपर: 'दुसऱ्या लेम्माच्या सिद्धतेत एक पायरी गाळली आहे. ती भरून मंगळवारी ये.' मला ती भरता आली नाही. पाच दिवस आणि अर्धी वही संपवून मी गेले ती नकाराची तयारी करूनच. मॅडमनी वही उलटीकडून चाळली, खोडलेली पानंही वाचली आणि खडू माझ्या हातात दिला. "कुठे अडलीस ते फळ्यावर दाखव." दोन तासांनी शिपाई खोली बंद करायला आला तेव्हाही पायरी पूर्ण भरली नव्हती. फॉर्मवर सही त्यांनी तिसऱ्या भेटीत केली.